गायरान नोंदी : मार्डी–नान्नज माळ, हंगाम २०२५-२६

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

वन्यजीव सप्ताह चालू आहे, पण माळावर श्रमदान करणाऱ्या आमच्या गटातले निम्मे लोक अजून सीना नदीकाठीच अडकलेत. पूर ओसरला तरी घराघरातला गाळ निघालेला नाही. माळ कुठे पळून जात नाही, आधी ते काम उरका, असं मीच सांगितलं. आज मोजकेच जण आलो आणि अवजारांना हात न लावता गायरान फिरून पाहिलं.

साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास सरासरी पावसाचा आपला सोलापूर जिल्हा, यंदा सप्टेंबरने सगळे हिशेब मोडले. उतारावर पवन्या मांडीला लागतोय, मारवेल दाट, कुसळीला तुरे आलेत. वरच्या मुरमाड टेकाडावर मात्र गवत वीतभरसुद्धा नाही. नव्या मुलांना ती जागा 'खराब' वाटली. तिथेच धाविक दिसला, पखुर्डीची जोडीही उठली. या पक्ष्यांना उघडी जमीनच लागते. सगळा माळ मांडीएवढ्या गवताचा झाला तर ते निघून जातील.

पावसाचा फायदा वेड्या बाभळीनेही घेतलाय, बाहेरून आलेलं आणि माळ गिळत जाणारं ते काटेरी झाड. ओढ्याच्या दोन्ही अंगांनी गुडघाभर रोपं उभी आहेत. यंदा सोडलं तर दोन वर्षांत तिथे शेळीसुद्धा शिरणार नाही.

चहाच्या वेळी नेहमीचा वाद झाला. एका कंपनीने पाचशे रोपं, खड्डे मारायला जेसीबी आणि वर टी-शर्ट देऊ केलेत. पोरं खूश, मी नको म्हणालो. माळढोक पक्षी जमिनीवर उघड्यावर अंडं घालतो, तेही एकच, आणि मादी ते जवळपास महिनाभर उबवते. तिचं संरक्षण म्हणजे लांबवर दिसणारी मोकळी नजर. रांगेत झाडं लावली की ती नजर तुटते. वर फांद्यांवर कावळे बसायला लागतात, खाली कुत्री दबा धरतात. या पट्ट्यात माळावर एके काळी गिरिपुष्प आणि सुबाभळीची लागवड झाली, चांगल्या हेतूनेच. सातबाऱ्यावर पडीक लिहिलं की ती जमीन कुणीतरी येऊन 'सुधारावी' अशी वाट बघतेय, असं सगळ्यांनाच वाटतं.

रोपं शाळेच्या आवारात आणि वस्तीच्या रस्त्याकडेला लावू, असं ठरलं. कंपनीच्या माणसाचा चेहरा पडला. फोटोला माळाची पार्श्वभूमी हवी होती त्यांना.

१२ ऑक्टोबर, रविवार

ग्रामपंचायतीत बसलो. वेडी बाभूळ काढायला ठराव हवा. विषय वाचताच मागच्या बाकावरून आवाज आला, "परत अभयारण्य आणताय का काय?"

हा प्रश्न येणारच होता आणि तो चुकीचाही नाही. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. जमिनीची खरेदी-विक्री, विहीर, रस्ता, प्रत्येक ठिकाणी तो शिक्का आडवा यायचा. २०१२ मध्ये क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. पक्षी कुणी मारला नसेल, पण त्याच्यावरचा राग एक पिढी पुरला.

मी सांगितलं, आम्ही सरकारी माणसं नाही. शिक्का आणायची आमची ताकद नाही आणि इच्छाही नाही. गायरान तुमचं, गवत तुमच्या जनावरांना, निघालेलं लाकूड सरपणाला तुमच्याच घरी. शेवटचं वाक्य बायकांनी उचललं. एक मावशी म्हणाल्या, "बाभूळ काढा की, पण सगळी एकदम काढू नका. चुलीला काय घालू?" चराई करणाऱ्यांना बाभूळ नको, चुलीसमोर बसणारीला हवी. ठरावात टप्प्याटप्प्याने असा शब्द घालून घेतला. ओढ्याकडची आधी, पाणंदीकडची शेवटी.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊबीज उरकून लोक परतले. पहिला कामाचा दिवस. जमीन अजून ओली, म्हणून घाई.

पद्धत लिहून ठेवतो, पुढच्या हंगामाला उपयोगी पडेल. गुडघ्याखालचं रोप ओल्या जमिनीतून हाताने मुळासकट येतं, जाड हातमोजे हवेत. त्याहून मोठ्याला बुंध्याभोवती टिकावाने हातभर खोल उकरायचं आणि खोड जमिनीखाली जिथे मुळाला मिळतं तिथून तोडायचं. नुसती कुऱ्हाड वरून चालवली तर महिन्याभरात एका बुंध्याला दहा फुटवे. मनगटाएवढ्या झाडाला पहार लागते आणि दोन माणसं. त्यापुढचं ट्रॅक्टर आणि साखळी. ट्रॅक्टर गवतावरून फिरला की चाकोऱ्या पडतात, म्हणून ओढ्याच्या कडेनेच आणला.

सुरू करण्याआधी हिवर, हिंगणबेट, बोर आणि तरवड यांना चुन्याचा पट्टा मारला. काटा दिसला की हाणायचा, असा नव्या माणसाचा उत्साह असतो. हिवरही बाभळीच्याच गोतातला, पण तो इथला आहे.

दुपारी एक मतभेद. ओढ्याच्या वळणावरच्या जुन्या बाभूळवनात खोकडाची बिळं आहेत, तोंडाशी ताजी माती उकरलेली. काही जणांचं म्हणणं, काम करायचं तर पुरतं करा. निवृत्त एसटी चालक काका म्हणाले, आधी त्याला दुसरी जागा होऊ द्या. मी काकांच्या बाजूचा. तो पट्टा यंदा तसाच ठेवायचा, फक्त त्याच्या शेंगा माळावर पसरू द्यायच्या नाहीत.

सरपणाच्या मोळ्या संध्याकाळपर्यंत उचलल्या गेल्या. जेवण घरोघरून: कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. पेठेतून आलेल्या यंत्रमाग कामगार दादांनी घरची पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आणली होती. ती सगळ्यात आधी संपली.

५ नोव्हेंबर, बुधवार

पक्षी सप्ताहाचा पहिला दिवस. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, म्हणून राज्यात हा आठवडा पाळतात. चितमपल्ली सोलापूरचे, १९३२ चा जन्म. यंदा जूनमध्ये सोलापुरातच गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. भाषण ठेवलं नाही. सुट्टी असल्याने मुलं आली होती, त्यांना सरळ माळावर नेलं.

मुलांना दुर्बीण देण्याआधी अर्धा तास नुसतं बसवायचं, हा आमचा नियम. आधी चुळबूळ होते, मग ऐकू यायला लागतं. डोंबारी पक्षी वर चढतो आणि शिट्टी घालत खाली कोसळतो, ते बघून एक मुलगा म्हणाला, "पडला बे!" परत वर गेला तेव्हा सगळे हसले. नाकतोडे पकडायची शर्यत लावली, पकडून, बघून, सोडून द्यायचे. रंगांचे, आकाराचे किती प्रकार निघाले! या एवढ्या किड्यांवर कोण जगत असेल असं विचारल्यावर उत्तरं भराभर आली: नीलकंठ, वेडा राघू, सरडे, टिटवी. माळढोक कुणी म्हटलं नाही. त्यांच्यापैकी कुणी तो पाहिलेला नाही. नान्नजला अलीकडच्या वर्षांत त्याचं दर्शन एखाद-दुसऱ्या पक्ष्यापुरतं उरलंय. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजनाचा, तरी उडणारा पक्षी, असं सांगितल्यावर एका मुलीने तिच्या लहान भावाचं वजन विचारात घेऊन डोळे मोठे केले.

आल्याआल्या "माळढोक दिसेल का" विचारणारे मोठेही असतात. त्यांना पहिलंच सांगतो, नाही. दिसला तरी जागा सांगणार नाही, फोटो कुठेही टाकायचा नाही. गाडी चाकोरी सोडून माळात घालणारा माणूस पुन्हा बोलवायचा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

भोवत्यांची संध्याकाळची नोंद. माँटेग्यू आणि पॅलिड, दोन्ही जाती आहेत. मध्य आशियाकडून येणारा हा शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाही, गवतात जमिनीवर, एकमेकांपासून थोड्या अंतरावर थव्याने उतरतो. सूर्य टेकला की चारी दिशांनी येतात. जागा ठरलेली असते. गवत पेटलं, किंवा रात्री कुत्री शिरली, तर ती मोडते. आकडा वहीत आहे. जागेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही.

शेजारच्या तुरीच्या शेतकऱ्याला बोलावून दाखवलं. दिवसभर हे तुमच्या रानातलेच टोळ, नाकतोडे उचलतात म्हटलं. "मग फवारणीचे पैसे वाचले म्हणायचे," म्हणाला आणि थांबून पूर्ण अंधार होईपर्यंत बघत बसला.

७ डिसेंबर, रविवार

आजचं काम माळावरचं नाही, माळाच्या कडेच्या शेततळ्यांचं. माझ्या मते या हंगामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद टाकलेला असतो, काळा, जाड आणि गुळगुळीत. उतार तीव्र. उन्हाळ्यात पाण्याच्या वासाने काळवीट, कोल्हा, खोकड, लांडगा कुणीही खाली उतरतं आणि वर येऊ शकत नाही. खूर, नखं धरत नाहीत. जनावर कडेकडेने पोहत राहतं, कोपऱ्यात येऊन धडपडतं आणि दमून बुडतं. वाघ-बिबट्याच्या बातम्या होतात. शेततळ्यात मेलेला कोल्हा काठीने काढून बांधाला टाकतात, कुणाला कळतही नाही. शेतकऱ्यालाही ते नकोच असतं, पाणी नासतं.

उपाय स्वस्त आहे, पटवणं अवघड. काथ्याचा जाड दोर, फूट-फूट अंतरावर गाठी, आडवे तुकडे बांधून शिडीसारखी जाळी. ती कोपऱ्यात सोडायची, कारण जनावर शेवटी तिथेच येतं. वरचं टोक कागदाच्या बाहेर, बांधावर गाडलेल्या खांबाला. खाली दगड नाही, वाळूची पिशवी, नाहीतर कागदाला भोक. पाणी कमी झालं तरी टोक पाण्यात राहील एवढी लांबी हवी, कारण मे महिन्यात पाणी तळाला असतं आणि धोका तेव्हाच जास्त.

पहिल्या शेतकऱ्याचा प्रश्न सरळ होता, "कागद फाटला तर कोण भरून देणार?" कागदाचा खर्च मोठा, तळं गळलं तर डाळिंब गेलं. शेतात उभं राहून आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. मग गटातल्या एका जुन्या फिटर मामांनी बांधावर बसून दोराची टोकं रबरी नळीच्या तुकड्यांत घातली, पिशवी गोणपाटात गुंडाळली आणि म्हणाले, "आता हातानं घासून बघा." त्याने घासून पाहिलं. मग स्वतःच म्हणाला, चारही कोपऱ्यांत टाका, माझा पोरगा पण पडू शकतो इथं.

हे वाक्य आम्हाला सुचायला हवं होतं. पुढच्या तळ्यापासून बोलण्याची सुरुवात माणसापासून केली. पोहता न येणारं पोर, पाय घसरलेली बाई, मग कोल्हा. कुणीच नाही म्हटलं नाही.

बिनकठड्याच्या जुन्या विहिरींची यादी वेगळी करतोय. तिथे दोर चालत नाही. कठडा किंवा जाळी लागते, आणि बऱ्याच विहिरींना धड एक मालक नसतो.

२१ डिसेंबर, रविवार

हुरड्याचे दिवस. मालदांडी ज्वारीची कणसं भरलीत. शेतावर बोलावणं होतं म्हणून काम दुपारीच थांबवलं.

सकाळी धनगर तात्या भेटले. रात्री लांडग्याने कोकरू नेलं. चेहऱ्यावर राग होता, आणि का नसावा. वन विभागाकडून भरपाई मिळते हे त्यांना ठाऊक आहे. पण लगेच कळवायचं, मढं हलवायचं नाही, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत थांबायचं. "आमी थांबलो तर मेंढ्यास्नी चारा कुटनं आनू? आन् लांडगा मढं ठेवतुया व्हय माज्यासाटी?" हा नियम घरी गोठा असलेल्या माणसासाठी केलेला आहे, चालत्या मेंढवाड्यासाठी नाही. यावर आम्ही काय करू शकतो? तात्यांच्या वाटेवरच्या गावांत एकेक माणूस ठरवायचा, जो फोन करेल, जागेसकट फोटो काढेल आणि त्यांच्या वतीने कागद पुढे सरकवेल. तीन गावांत माणूस मिळाला.

त्यांनीच दुसरी गोष्ट सांगितली. मेंढ्या-कोकरं जातात त्यातली निम्मी तर कुत्रीच नेतात. कोंबडीच्या दुकानांच्या उकिरड्यावर पोसलेली गावकुत्री रात्री टोळीने माळात येतात, काळविटाच्या पाडसांना घेरतात. शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर लांडग्याला देतात. पुण्याकडच्या माळावर लांडगा-कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत दिसून आलाय. पशुवैद्यक ताईंनी कुत्र्यांच्या लसीकरणाची जबाबदारी घेतली. उकिरड्याचं मात्र दुकानदारांशी बोलावं लागेल, आणि ते काम कुणालाच नको आहे.

१८ जानेवारी २०२६, रविवार

सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेचे दिवस: नंदीध्वज, गड्ड्याची जत्रा. कुणी येणार नव्हतं, आलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आमच्यातलं एक जोडपं जैसलमेरला जाऊन आलं. माळावर बसून त्यांनी सांगितलं, बाकीचे ऐकत वेड्या बाभळीचे फुटवे काढत होते.

तिथे माळढोकाला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी. देशात उरलेले दीडशेच्या आत, बहुतेक तिथेच. सम आणि रामदेवरा इथे प्रजनन केंद्रं आहेत. २०१९ पासून रानातली अंडी उचलून पिल्लं वाढवली जातात, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू झालं. हे ऐकून एकाने विचारलं, मग इथे आणून सोडतील का? सोडतील तेव्हा सोडतील. पण आणून सोडायचा कुठे, याचं उत्तर त्या केंद्रात तयार होत नाही.

तिथला मोठा वैरी म्हणजे विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे बाजूला, समोरचं कमी दिसतं, आणि अंग एवढं जड की ऐनवेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार तिथल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये तारांवर आपटून वर्षाला ८४,००० च्या आसपास पक्षी मरतात, सगळ्या जातींचे मिळून. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. सौरऊर्जा हवी आणि पक्षीही हवा, अशी ती ओढाताण आहे. आपल्याकडेही पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प येतायत, म्हणून हे लांबचं नाही.

त्यांना जास्त भावलं ते ओरण, देवाच्या नावाने राखलेली कुरणं. तिथे कुऱ्हाड चालत नाही, पण गुरं चरतात, आणि चरतात म्हणूनच लोक राखतात. आपल्याकडे देवराई म्हटलं की दाट झाडीच डोळ्यांपुढे येते. कुरण राखायचं तर चराईला शत्रू मानून चालणार नाही, हे मी तीन वर्षं सांगतोय. जैसलमेरहून आल्यावर ते लगेच पटलं. असो.

आज ठरलेलं काम: गायरानावरून जाणाऱ्या तारांखालून दर पंधरवड्याला दोघांनी चालत जायचं, मेलेला पक्षी दिसला की खांबाचा क्रमांक, तारीख, फोटो. खांबावर चढायचं नाही, काही उचलायचं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

गवत वाळून कडकडीत झालंय, पेटायला एक विडी पुरेल. वन विभागाने त्यांच्या हद्दीत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढल्यात. गायरानाची कड आपणच साफ केली: रस्त्याच्या बाजूने पट्टा कापून गवत बाजूला. कापलेलं गवत पेंढ्या बांधून गावात गेलं, म्हणून मदतीला गावातलेही आले. फुकटच्या श्रमदानाला येत नाहीत, अशी तक्रार शहरातले करतात. त्यांनी एकदा स्वतःच्या रोजंदारीचा दिवस मोडून यावं.

बांध पेटवणाऱ्यांची घरं ठाऊक आहेत. जाऊन फक्त एवढंच मागितलं, पेटवायच्या आदल्या दिवशी फोन करा, आम्ही फवारणीचे पंप भरून येतो. दोघांनी केला. एकदा वारा फिरला आणि पंप कामाला आले.

८ मार्च, रविवार

ऑक्टोबरमध्ये काढलेल्या ओढ्याच्या पट्ट्यात फुटवे आहेत, पण विरळ. बहुतेक तिथे, जिथे मूळ वरून तुटलं होतं. शेंगा धरण्याआधी पुन्हा एक फेरी, कारण शेळ्या-गुरांनी शेंगा खाल्ल्या की बी शेणातून सगळीकडे. मोकळ्या झालेल्या जागेत मारवेल आपणहून शिरलाय. बी टाकायची गरज दिसत नाही.

पाणवठ्यावरून परत चर्चा. टँकरने सिमेंटच्या टाक्या भरायची कल्पना दरवर्षी येते, देणगीदारही मिळतात. माझा विरोध नोंदवून ठेवतो: टाकी भरली की आधी कुत्री येतात, मग काळवीट. एका जागी गर्दी झाली की शिकार आणि आजार दोन्ही सोपे. ओढ्यात वाळू उकरून पाणी लागतं तिथे उकरू. एक टाकी भरायचीच असेल तर वस्तीपासून लांब, उथळ, तिरक्या उताराची, आणि भरणारा माणूस आधी ठरलेला. मे महिन्यात अर्धवट सोडलेली टाकी नसलेलीच बरी. मतदान झालं, एकच टाकी.

१ मे, बुद्ध पौर्णिमा: वन विभागाच्या पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेला ज्यांना बसायचं आहे त्यांनी नावं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायची. मोबाइल बंद, अत्तर नाही, पांढरे कपडे नाहीत.

त्याआधी शेततळ्यांच्या जाळ्या तपासणं. पाणी उतरतंय, दोर लांबवावे लागतील. काथ्या फिटर मामांकडे, रबरी नळी पेठेतल्या दादांकडे, पिकअप काकांच्या मेहुण्याची. डिझेल आपलं.